स्ट्रॅथडॉनचा चाकरमानी

लावणी उरकली, पहिली बेणणी झाली आणि पुढची राखण भावाच्या हाती सोपवून मी व माझी पत्नी जुलैच्या अखेरीस लेकीकडे स्कॉटलंडला गेलो. राजापूर तालुक्यात आमची सव्वा एकर भातजमीन आहे, डोंगराच्या अंगाला नाचणीपुरती वरकस आहे, चाळीसेक काजूची कलमे आहेत आणि गोठ्यात दोन म्हशी आहेत. एवढाच पसारा असलेला माणूस ऐन पावसाळ्यात महिनाभर घर सोडून राहिला, तर त्याचे मन कुठे असते हे शेतकऱ्याला सांगायला नको. लेक ॲबर्डीनच्या एका रुग्णालयात परिचारिका आहे. तिच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरातून मी रोज सकाळी भावाला फोन करून भाताच्या कुणग्यातल्या पाण्याची चौकशी करीत असे, आणि तेवढे झाले की दिवसभर हातांना काम उरत नसे. माझी ही अवस्था पाहून लेकीने ऑगस्टमधल्या चौथ्या शनिवारची रजा मागून घेतली आणि म्हणाली, "बाबा, तुम्हाला इथली जत्रा दाखवते. शहरातली नाही, खेड्यातली."

जत्रेआधी एका गडग्याबद्दल सांगितले पाहिजे, कारण तो मुलूख मला पहिल्यांदा कळला तो त्या गडग्यापाशी. ॲबर्डीनच्या पश्चिमेला, शहर संपता संपता, किंग्जवेल्स नावाचे गाव लागते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर तिथल्या जमीनमालकाने पडीक माळ लागवडीखाली आणायला घेतला, तेव्हा जमिनीतून इतके धोंडे निघाले की ते टाकायचे कुठे हाच प्रश्न होऊन बसला. अखेर त्या धोंड्यांचाच गडगा रचण्यात आला. लांबी सुमारे 450 मीटर, उंची माणसाएवढी आणि रुंदी जवळजवळ 10 मीटर! इंग्रजीत त्याला 'कन्झम्प्शन डाइक' म्हणतात, म्हणजे दगड रिचवण्यासाठी घातलेला गडगा. मी त्याच्या कडेने चालत गेलो आणि मला आमचा आजा आठवला, ज्याने कातळावर डोक्यावरच्या टोपल्यांनी माती वाहून दोन कुणगे तयार केले होते. तिथे माती होती आणि दगड काढायचे होते. आमच्याकडे दगड होता आणि माती आणायची होती. तो गडगा पाहताना मालकाचे नाव मला महत्त्वाचे वाटले नाही; ते धोंडे एकेक करून उचलणाऱ्या मजुरांच्या पाठी मला दिसत राहिल्या.

जत्रा स्ट्रॅथडॉन येथे होती. ॲबर्डीनहून साधारण 70 किलोमीटर आत, डॉन नदीच्या वरच्या खोऱ्यात हे ठिकाण आहे. वाटेत ऑल्फर्ड लागले, आणि तिथे रस्त्यालगत वळूचा पुतळा पाहून मी लेकीला गाडी थांबवायला लावली. काळी, बिनशिंगी ॲबर्डीन-अँगस ही जात जगभर पोहोचली. तिची पैदास विल्यम मॅकॉम्बी यांनी ऑल्फर्डजवळच्याच टिलीफोर येथे नावारूपाला आणली. वळूचा पुतळा उभारणाऱ्या गावाबद्दल मला फार आदर वाटला. आमच्या लहानखुऱ्या, काटक कोकण कपिला गुरांनी पिढ्यान्पिढ्या आमचे चिखल तुडवले, पण त्यांच्या जातीला नावसुद्धा अगदी अलीकडे मिळाले. ऑल्फर्डच्या पुढे खोरे अरुंद होत गेले. सपाटीला जवाचे पीक पिकायला आलेले होते, उताराला गवत कापून त्याचे काळ्या प्लास्टिकात गुंडाळलेले मोठे गठ्ठे शेतांत पडले होते, आणि वर, जिथे पीक संपते, तिथून हेदर नावाच्या जांभळ्या फुलांच्या झुडपांचे डोंगर सुरू होत होते. गठ्ठे मोजताना माझ्या लक्षात आले की हे लोकही आपल्यासारखेच पुढच्या सहा महिन्यांच्या वैरणीची चिंता आत्ता वाहत आहेत. आपण उडव्या रचतो, ते गठ्ठे बांधतात.

लोनाख हे त्या खोऱ्यातल्या एका डोंगराचे नाव. फोर्ब्स कुळाची लढाईतली आरोळीही तीच, आणि जत्रेचे नावही 'लोनाख गॅदरिंग'. ती भरवणारी 'लोनाख हायलँड अँड फ्रेंडली सोसायटी' 1823 साली स्थापन झाली. लेक रस्त्याकडेला गाडी उभी करून फोनवर वाचून दाखवत होती आणि मी खिडकीबाहेर पाहत अर्धवट ऐकत होतो, तोच तिने संस्थापकाचे नाव घेतले, सर चार्ल्स फोर्ब्स, आणि त्यापुढे म्हणाली, "मुंबईचे व्यापारी." मी तिला ते पुन्हा वाचायला लावले.

माझे वडील 31 वर्षे मुंबईत फोर्टमध्ये एका पेढीत शिपाई होते. ती पेढी फोर्ब्स स्ट्रीटवर होती. त्या रस्त्याचे नाव पुढे डॉ. व्ही. बी. गांधी मार्ग झाले, तरी आमच्या घरी येणाऱ्या पत्रांवर आणि मनीऑर्डरच्या कुपनावर वडील शेवटपर्यंत जुनेच नाव लिहीत. लहानपणी मी ते अक्षर अक्षर लावून वाचत असे, आणि फोर्ब्स म्हणजे काय असे विचारल्यावर आई म्हणायची, "साहेबाचं नाव असेल." त्या साहेबाच्या गावाकडे आपण निघालो आहोत, हे मला वयाच्या बासष्टाव्या वर्षी, त्या अरुंद खोऱ्यातल्या रस्त्यावर कळले.

हकीकत अशी. याच खोऱ्यातला जॉन फोर्ब्स मुंबईला गेला आणि 1767 मध्ये त्याने तिथे व्यापारी पेढी काढली. गावाकडे लोक त्याला 'बॉम्बे जॉक' म्हणत. त्याने मिळवलेल्या पैशातून घराण्याची जमीन पुन्हा घराण्याकडे आली. त्याच घराण्यातला चार्ल्स तरुणपणी मुंबईला आला, पेढीचा प्रमुख झाला, आणि दोन दशकांहून अधिक काळ तिथे काढून मायदेशी परतला. पुढे तो पार्लमेंटमध्ये बसला आणि तिथे हिंदुस्थानातल्या लोकांच्या बाजूने बोलत राहिला. मुंबईच्या लोकांनी वर्गणी काढून त्याचा संगमरवरी पुतळा करवून घेतला, तो टाउन हॉलमध्ये, म्हणजे एशियाटिकच्या इमारतीत उभा केला. 1823 सालीच त्याला 'बॅरोनेट' हा किताब मिळाला, आणि त्याच वर्षी त्याने आपल्या खोऱ्यातला पोशाख व भाषा टिकावी आणि लोकांत सलोखा राहावा म्हणून ही संस्था काढली. संस्थेच्या नावातला 'फ्रेंडली' हा शब्द त्या काळी आजारपणात, अडीअडचणीत एकमेकांना हात देणाऱ्या मंडळ्यांना लावत असत. हे ऐकताच मला आमचे मुंबई मंडळ आठवले. गिरणगावातली गावकीची खोली, तिथे पथाऱ्या टाकून राहणारी गावातली पंचवीस माणसे, दरमहा गोळा होणारी वर्गणी, कोणी वारले तर त्यातून जाणारा पैसा, आणि वर्षातून दोनदा, गणपतीला आणि शिमग्याला, गावाकडे धावणारे चाकरमानी. आमची पालखी, आमच्या देवळाची कौले, पालखी बसते त्या आमच्या सहाणेचा चौथरा, सगळे मुंबईच्या कमाईतून झालेले आहे. जगाच्या दुसऱ्या टोकाला, दोनशे वर्षांपूर्वी, एका खोऱ्याची जत्रा मुंबईच्याच कमाईतून सुरू झाली होती.

बेलाबेगच्या मैदानावर पोहोचलो तेव्हा झिमझिम पाऊस होता आणि कोणीही छत्री उघडत नव्हते, हे मला आवडले. गोल मैदान, त्याभोवती दोरी, दोरीपलीकडे बाकांवर आणि गवतावर बसलेली माणसे. दुपारी एकच्या सुमारास दुरून बॅगपाईपचा सूर आला आणि सगळे उठून उभे राहिले. लोनाखचे लोक येत होते. फोर्ब्स, गॉर्डन आणि वॉलेस या नावांच्या तुकड्या करून दीडशेहून जास्त पुरुष सकाळपासून खोऱ्यातून चालत निघालेले असतात. खांद्यावर भाले, कमरेला किल्ट म्हणजे घागऱ्यासारखे चुणीदार लोकरी वस्त्र. वाटेतल्या ठरलेल्या घरांपुढे मिरवणूक थांबते, घरधनी सगळ्यांना व्हिस्की देतो, त्याच्या नावाने जयघोष होतो आणि मिरवणूक पुढच्या घराकडे जाते. मागून एक घोडागाडी चालते. ज्याचे पाय साथ देईनासे होतात त्याला तीत बसवतात. पालखी घराघरांत जाते, अंगणात टेकते, घरचा माणूस ओटी भरतो, गाऱ्हाणे घातले जाते आणि ढोल पुन्हा वाजू लागतो, हे ज्याने जन्मभर पाहिले आहे त्याला या मिरवणुकीचा अर्थ कोणी समजावून द्यावा लागत नाही. इथे खांद्यावर देव नव्हता, एवढाच फरक. पण घर चुकवायचे नाही हा नियम दोन्हीकडे सारखाच आहे, आणि माझ्या मते जत्रेचा जीव त्या नियमातच असतो.

किल्टविषयीही थोडे सांगतो, कारण त्याबद्दल आपल्याकडे हसण्याची रीत आहे. आजची चुणीदार किल्ट ही नंतरची; मूळचा पोशाख म्हणजे लोकरीचे एक लांबरुंद वस्त्र, जे दिवसा चुण्या घालून कमरेला पट्ट्याने आवळायचे, उरलेले खांद्यावर घ्यायचे आणि रात्री तेच पांघरून माळावर निजायचे. म्हणजे आपली घोंगडीच. आजा लावणीच्या दिवसांत घोंगडीची खोळ डोक्यावरून घेऊन दिवसभर वाकलेला असे, आणि रात्री माळ्यावर तिच्यातच झोपे. 1746 साली कलोडेनच्या लढाईत डोंगरी लोकांचा पाडाव झाला आणि त्याच वर्षी सरकारने कायदा करून पुरुषांना हा पोशाख घालायला बंदी केली. ती 1782 पर्यंत, म्हणजे जवळजवळ एक पिढीभर, टिकली. कोणी उद्या कायदा करून घोंगडी पांघरायला बंदी केली असती तर आजा काय पांघरून लावणीला गेला असता, हा विचार मनात आला, आणि त्या दीडशे माणसांच्या अंगावरचे ते जाड, भिजून जड झालेले लोकरी कापड मी वेगळ्या नजरेने पाहू लागलो.

मैदानावर एकाच वेळी चार गोष्टी चालू होत्या. एका फळीवर मुली नाचत होत्या. जमिनीवर फुली करून ठेवलेल्या दोन तलवारींच्या चार खणांतून त्यांचे पाय इतके हलके फिरत होते की पत्नीने सबंध वेळ तिथून नजर काढली नाही. दुसऱ्या कोपऱ्यात एकेकटे पाईपवाले परीक्षकापुढे पावले मोजत वाजवत होते. त्यांच्या थोर, संथ संगीतात आधी एक मूळ धून येते, तिला डोंगरी लोकांच्या जुन्या गेलिक भाषेत 'ऊर्लार' म्हणजे जमीन म्हणतात. मग तिच्यावर एकावर एक गुंतागुंतीचे विस्तार चढतात आणि शेवटी वादक पुन्हा जमिनीवर येऊन थांबतो. सगळा वेळ मागे तीन नळ्यांचा अखंड सूर, जसा आपल्या सनईमागे सूर धरणारा असतो तसा. रस्सीखेच झाली, समोरच्या डोंगरावर धावण्याची शर्यत झाली. पण मी बसलो होतो तो जड वजनांच्या बाजूला.

तिथे जे फेकले जात होते त्यातली जवळजवळ प्रत्येक वस्तू शेतावरची होती. नदीतला गोटा होता, घणासारखा हातोडा होता, आणि 56 पौंडांचे, म्हणजे सुमारे 25 किलोचे, कडी लावलेले लोखंडी वजन होते, जे एका हाताने मागून झोका देऊन डोक्यावरच्या उंच दांडीपलीकडे टाकायचे. हे 56 पौंड म्हणजे तिथल्या जुन्या 'हंड्रेडवेट'चे अर्धे माप. एकेकाळी पोती तोलण्याच्या काट्यावर ठेवायचे तेच. दिवसभराची तोलाई आटोपल्यावर खळ्यावरच्या गड्यांनी एकमेकांना आव्हान देत ती वजने फेकून पाहिली असणार असे मला वाटते, कारण झोडणी आटोपली की भरलेले पोते एका झटक्यात कोण खांद्यावर घेतो अशा पैजा आमच्याकडेही लागत. याच ॲबर्डीनशरमध्ये पोटार्क येथे दोन कड्या बसवलेले धोंडे आहेत, दोन्ही मिळून सुमारे 333 किलो, आणि डोनाल्ड डिनी नावाच्या पहिलवानाने 1860 साली ते दोन्ही हातांत धरून तिथल्या पुलावरून आडवे नेले. लोक अजून त्या धोंड्यांना त्याच्या नावाने ओळखतात.

मग काबर आले. गेलिक भाषेत 'काबर' म्हणजे वासा, छपराचा वासा. लार्च नावाच्या झाडाचे सोललेले, टोकाकडे निमुळते होत गेलेले अख्खे खोड. तीन माणसांनी ते उभे करून फेकणाऱ्यापुढे धरले. तो खाली वाकला, खोडाच्या बारीक टोकाखाली दोन्ही हातांची ओंजळ सारली, बुंधा वर आणि सगळा तोल खांद्याला टेकलेला, अशा स्थितीत हळूहळू सरळ झाला आणि धावू लागला. एवढा वेळ गजबजलेले मैदान चिडीचूप झाले. धावता धावता तो एकदम थांबला आणि सारे बळ लावून त्याने हात वर उचलले. बुंधा पुढे पडून जमिनीत रुतला, खोड क्षणभर होळीसारखे ताठ उभे राहिले आणि मग पलीकडे, अगदी नाकासमोर कोसळले. किती लांब गेले हे कोणी मोजत नाही. घड्याळाच्या बाराच्या काट्यासारखे सरळ पडले की नाही, एवढेच परीक्षक पाहतो.

होळीसारखे हा शब्द मी विचार करून वापरला आहे. आमच्या गावी होळीचे झाड ठरलेल्या मानकऱ्याच्या पहिल्या घावाने तुटते, फांद्या उतरवून शेंडा राखला जातो, आणि सारा गाव ते खांद्यावर घेऊन ढोलावर नाचवत सहाणेपर्यंत आणतो. तिथे ते खड्ड्यात उभे करायचे असते, आणि उभे होताना जो एक क्षण येतो, जेव्हा झाड ना पडलेले असते ना रोवलेले, तेव्हा फाका घालणारी माणसेही गप्प होतात. तोच क्षण मी स्ट्रॅथडॉनला पाहिला. आमच्याकडे तो पन्नास खांद्यांवर असतो, तिथे एकाच्या. मला आमची रीत अधिक जवळची आहे, हे सांगायला हवे. पण त्या एकट्या माणसाच्या मानेवरच्या ताणलेल्या शिरा मी विसरणार नाही.

माझ्या शेजारी एक वृद्ध शेतकरी काठीवर हनुवटी टेकून बसला होता. "फिट लाइक?" असे त्याने विचारले, आणि मला काही कळले नाही. लेक हसून म्हणाली, की ही इथली डोरिक बोली, 'कसं काय' असे विचारत आहेत. मी शेतकरी आहे असे तिने सांगताच त्याने पहिला प्रश्न गुरांचा केला. दोन म्हशी, असे मी म्हणालो. त्याने गंभीरपणे मान हलवली आणि दूध किती देतात, वैरण कशी पुरते, पाऊस किती पडतो, हे विचारले. वर्षाला 3000 मिलिमीटरहून जास्त पडतो, आणि बहुतेक सगळा चार महिन्यांत, असे सांगितल्यावर तो बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "मग माती जाग्यावर राहते कशी?" बांध, असे मी म्हटले. हाताने त्याला उतारावरच्या पायऱ्यांसारख्या मळ्यांची उतरंड काढून दाखवली. एवढा नेमका प्रश्न मला कुठल्याही शिकलेल्या माणसाने आजवर विचारलेला नाही.

त्याच्याकडे थोड्या मेंढ्या आणि दहा-बारा गुरे होती, आणि जमीन इस्टेटीकडून खंडाने. त्याच्या आज्यापासून खंडानेच. स्कॉटलंडच्या वायव्येकडच्या डोंगरी आणि बेटांवरच्या जिल्ह्यांत लहान शेतकऱ्याला, तिथे त्याला क्रॉफ्टर म्हणतात, 1886 च्या कायद्याने जमिनीवरून हुसकावले न जाण्याची हमी मिळाली. पण ॲबर्डीनशर त्या जिल्ह्यांत नव्हते. मी त्याला खोतीविषयी सांगितले. आमचा आजा खोताचे, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या वतनदाराचे, कूळ होता, मुंबईच्या विधिमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1937 साली खोती मोडण्याचे विधेयक मांडले, कायदा व्हायला 1949 साल उजाडले, आणि आज सातबाऱ्यावर माझे नाव आहे. लेकीने हे सारे त्याच्या भाषेत कसे सांगितले कोण जाणे, पण तो माझ्याकडे वळून म्हणाला, "म्हणजे ती तुमचीच आहे?" मी हो म्हणालो. सव्वा एकराचा मला इतका अभिमान यापूर्वी कधी वाटला नव्हता.

त्याचा मुलगा उत्तर समुद्रातल्या तेलाच्या फलाटावर कामाला होता; दोन आठवडे समुद्रात, दोन आठवडे घरी. ऑगस्टमधल्या या शनिवारसाठी तो वर्षभर आधी पाळ्या बदलून घेतो, असे म्हातारा सांगत होता. मिरवणुकीत भाला घेऊन चाललेल्यांपैकी कोणता तो, हे त्याने काठीने दाखवले. मेंढ्या पुढे कोण पाहणार, असे मी विचारले नाही. मलाही तो प्रश्न कोणी विचारलेला आवडत नाही.

सर चार्ल्स फोर्ब्सचे मनात काय करायचे, हे मला त्या दिवशी सुटले नाही आणि अजूनही सुटलेले नाही. माझे वडील आणि तो, दोघांनीही गाव सोडून मुंबई गाठली आणि दोघांचाही पैसा गावाकडे आला. पण वडील पट्टा बांधून दारात उभे राहत, आणि फोर्ब्सची पेढी कंपनी सरकारला कर्ज देत असे. ज्या राज्याच्या आसऱ्याने त्याची भरभराट झाली त्या राज्याने आमच्या मुलखाचे काय केले, हे मी शाळेत शिकलो आहे. गावाकडे तर तो चाकरमानी नव्हताच, जमिनीचा मालक होता, म्हणजे आमच्या हिशेबाने खोत. तरीही परक्या बंदरात वीसेक वर्षे काढताना त्याला आपल्या खोऱ्याचे कपडे, आपली बोली, आपल्या डोंगराचे नाव आठवत राहिले आणि पैसा हाती येताच त्याने आधी हे टिकवावे असे ठरवले, हे मला खोटे वाटत नाही. वडीलही असेच मुंबईत राहून पालखीच्या नव्या दांड्याचा हिशेब करीत बसत. गेलिक भाषा त्या खोऱ्यात टिकली नाही. ती आता डोंगरांच्या नावांत आणि पाईपच्या धुनांत उरली आहे. आमच्याही गावात शिमग्याची जुनी गाऱ्हाणी पाठ असलेली दोनच माणसे आहेत, आणि परतल्यावर पहिल्यांदा त्यांच्याकडे वही घेऊन जायचे असे मी त्या बाकावर बसून ठरवले.

संध्याकाळी मिरवणूक पुन्हा वाजत मैदानाबाहेर पडली. म्हातारा गुरे आत घ्यायची म्हणून आधीच उठला होता. जाताना त्याने पत्नीला टोपी काढून नमस्कार केला. गाड्या हलू लागल्या. दोरीपलीकडे तीन-चार माणसे काबरची खोडे उचलून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भरत होती. एक खोड बुंध्याकडून घसरले, आणि मी जवळच होतो. कोणी बोलावण्याची वाट न पाहता मी दोरी ओलांडून खाली वाकलो आणि होळीच्या झाडाला देतो तसा त्याला उजवा खांदा दिला. लार्चच्या ओल्या लाकडाला राळेचा वास येत होता. पुढच्या माणसाने मागे न पाहताच काहीतरी मोजले, आणि आम्ही सगळ्यांनी एकदमच ते उचलले.